आधी नाटकांच्या व्हीसीडी वाचवा, सर्व्हरचं नंतर बघू

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या माळ्यावरची खोकी आठवली. तुमच्याकडे वडिलांच्या सुमारे २४० व्हीसीडी, ९० डीव्हीडी, आठ ब्लू-रे. घर चिपळूणला, जुलै २०२१ च्या पुरात कपाटाचा खालचा कप्पा भिजलेला आणि तेव्हापासून त्या डिस्क एका पोत्यात. तुम्ही विचारताय, हे सगळं उतरवून ठेवायला नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायचा हार्ड डिस्कचा डबा) कोणतं घेऊ आणि कोणत्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट करू, म्हणजे वडिलांना टीव्हीवर पोस्टरं दिसतील आणि बटण दाबलं की नाटक सुरू होईल.

नॅस घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. आधी कागदावर हिशेब मांडा. व्हीसीडीला पाऊण जीबी धरला तर २४० डिस्कचे १८० जीबी. डीव्हीडी एकथरी असेल तर ४.७ आणि दुथरी असेल तर ८.५ जीबी, सरासरी सहा धरली तर ५४०. ब्लू-रे सगळ्या ५० जीबीच्या आहेत असं समजलं तरी ४००. एकूण ११२० जीबी. म्हणजे काही न दाबता, न पिळता वडिलांचा सगळा संग्रह २ टीबीच्या, खिशात मावणाऱ्या डिस्कवर बसतो. अशा दोन घ्या. दुसरी कशाला ते शेवटी सांगतो.

कन्व्हर्टचं म्हणाल तर त्यात मी स्वतः पोळलोय. २००८ च्या सुमाराला हार्ड डिस्क महाग होत्या, म्हणून मी उत्साहाने साठेक डीव्हीडी प्रत्येकी ७०० एमबीच्या डिव्हएक्स (व्हिडिओ दाबून लहान करायचा तेव्हाचा प्रकार) फायलींत कोंबल्या आणि मूळ डिस्क रद्दीत घातल्या. तेव्हाच्या १७ इंची मॉनिटरवर सगळं छान दिसायचं. आज मोठ्या टीव्हीवर तेच नाटक लावलं की अंधाऱ्या प्रवेशात नटाच्या तोंडावर नुसते चौकोन नाचतात, आणि परत काढायला डिस्क नाही. तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम: डिस्कवर जे आहे ते जसंच्या तसं उतरवायचं. लहान करणं, सजवणं, पोस्टरं लावणं हे पुढच्या वर्षी केलं तरी चालतं. डिस्क मात्र पुढच्या वर्षी वाचली जाईलच असं नाही.

म्हणून सुरुवात कुठून करायची हा खरा प्रश्न. घरी किंवा स्टुडिओत बर्न केलेल्या डिस्क सगळ्यात आधी: मुंज, लग्न, आजीची एकसष्टी. छापील डिस्कमध्ये खळगे दाबलेले असतात, बर्न केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि उष्णतेनं, उजेडानं तो विटतो. आमच्याकडे मामाच्या लग्नाची डीव्हीडी वरून आरशासारखी चकचकीत होती, आतला शेवटचा अर्धा तास गायब. त्यानंतर नाटकांच्या व्हीसीडी. हिंदीतले गाजलेले सिनेमे कुठल्या ना कुठल्या ओटीटीवर सापडतात, पण २०००च्या दशकात व्हीसीडीवर आलेली कितीतरी मराठी नाटकं आणि मधल्या फळीतले सिनेमे पुढे डीव्हीडीवरसुद्धा आले नाहीत. त्यांची उत्तम प्रत आज तुमच्या पोत्यातच असू शकते. ब्लू-रे सगळ्यात शेवटी. आठच आहेत, कुठे पळून जात नाहीत.

पुरात भिजलेल्या डिस्क अजून टाकू नका. छापील डिस्क पॉलिकार्बोनेटची असते, पाण्यानं तिचं लगेच वाईट होत नाही. वाट लागते ती गाळानं आणि तो कोरड्या फडक्यानं पुसल्यानं. आधी साध्या पाण्यात भिजत ठेवा, गाळ आपोआप सुटू द्या. मग भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब घालून बोटाच्या पेरानं धुवा, जुन्या मलमलीनं टिपून उभ्या करून सावलीत वाळवा. पुसायचं ते मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल कधीच नाही: माहिती नागमोडी नव्हे, गोल सर्पिल रेषेत लिहिलेली असते, त्यामुळे आडव्या ओरखड्यानं थोडीथोडी जाते आणि ती यंत्राला भरून काढता येते; गोल ओरखड्यानं मात्र सलग लांब तुकडाच जातो.

आणि सीडीची (व्हीसीडी ही सीडीच) छापील चित्राची बाजू जपा. लोक चकचकीत बाजू जपतात नि चित्राची बाजू टेबलावर घासतात. सीडीत माहितीचा थर चित्राच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेचं पातळ लेपण. तिथे ओरखडा गेला की चकचकीत थर निघतो आणि विषय संपला. डीव्हीडीत तो थर दोन ०.६ मिलिमीटरच्या पत्र्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती जरा दणकट. उजेडासमोर धरून बघा, टाचणीएवढी भोकं दिसली तर ती डिस्क रांगेत पुढे घ्या.

आता व्हीसीडी. इथे नवखा माणूस हमखास अडतो. डिस्क उघडलीत की एका फोल्डरमध्ये 'डॅट' फायली दिसतील. पहिली बहुधा कंपनीचा लोगो नि जाहिरातींची, खरी मोठी त्यानंतरची. ती सरळ कॉपी करायला गेलात तर नव्या डिस्कची होईल, तुमच्या डिस्कची ९० टक्क्यांवर 'सायक्लिक रिडंडन्सी' असं काहीतरी म्हणून थांबेल आणि आधीचे ९० टक्केसुद्धा पुसून टाकेल. कारण असं की साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये (डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा) २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्यातली बरीच जागा चूक दुरुस्तीला राखलेली असते. १९९३ साली व्हीसीडी ठरवणाऱ्यांनी ती राखीव जागा काढून तिथेही चित्रच भरलं, सेक्टरमागे २३२४ बाइट. म्हणून तर सव्वा तासाचा ऐवज एका सीडीवर मावला. दोन-चार बाइट बिघडले तर चित्रावर क्षणभर ठिपका येईल, त्याचं काय, असा विचार. तो बरोबरच होता. पण विंडोजची कॉपी ठिपका खपवून घेत नाही.

त्यामुळे व्हीसीडीसाठी तिची रचना ओळखणारं साधन वापरा. विंडोजवर आयसोबस्टर, लिनक्सवर व्हीसीडीइमेजरबरोबर येणारं व्हीसीडीएक्सरिप. आयसोबस्टरमध्ये फाइलवर राइट क्लिक करून फक्त एमपीईजी फ्रेम गाळून काढायचा पर्याय आहे, तोच घ्या. बिघडलेले सेक्टर वगळून ते पुढे जातं. येणारी फाइल ३५२ बाय २८८ पिक्सेलची, एमपीईजी-१ या व्हीसीडीच्या मूळ व्हिडिओ प्रकारातली. तिला एआयनं मोठी करायच्या फंदात पडू नका. मी दोन नाटकं करून पाहिली, पात्रं मेणाच्या पुतळ्यासारखी दिसायला लागली आणि मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुठल्याच भाषेतली नसलेली अक्षरं उगवली. खाली सरकणारी मसाल्याची नाहीतर दागिन्यांची जाहिरातपट्टी मात्र फारच सुबक झाली होती!

नाटक दोन-तीन डिस्कचं असतं आणि पहिली डिस्क अनेकदा ऐन संवादात तुटते. एमकेव्हीटूलनिक्स या व्हिडिओ जोडायच्या प्रोग्राममध्ये तिन्ही फायली एकामागे एक जोडा. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणजे नव्यानं दाबलं जात नाही, मिनिटभराचं काम. जोडताना प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला चॅप्टर टाकायची सोय आहे ती चालू ठेवा. रिमोटवर पुढचं बटण दाबलं की वडील सरळ दुसऱ्या डिस्कच्या जागी पोहोचतात.

डीव्हीडीचं काम सोपं. मेकएमकेव्ही हा प्रोग्राम डीव्हीडीसाठी फुकट चालतो आणि आतलं चित्र-आवाज न बदलता एमकेव्ही प्रकारच्या एका फाइलमध्ये घालून देतो. चांगल्या डिस्कला पंधरा-वीस मिनिटं. बाहेरून लावायचा, डिस्क वाचणारा एक स्वस्त यूएसबी ड्राइव्ह घ्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडचा जुन्या डेस्कटॉपमधला आणखी एखादा मागून आणा. हे गमतीनं म्हणत नाहीये. एका ड्राइव्हनं नाकारलेली डिस्क दुसरा निमूटपणे वाचतो हे मी कितीदा पाहिलंय. हट्टी डीव्हीडीसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू: आधी सोपं सोपं वाचून घेतं, अवघड जागांची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं, आणि तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर फक्त राहिलेल्या जागा भरता येतात. रात्री लावून झोपा. (व्हीसीडीवर मात्र हे चालत नाही, कारण वर सांगितलेलंच सेक्टरचं.) अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या डिस्क असतील तर संगणक रीजन (डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी याचा क्रमांक) बदलू का विचारेल. घाईत 'हो' म्हणू नका, ड्राइव्ह आयुष्यात पाचच वेळा रीजन बदलू देतो. आपला रीजन ५.

डीव्हीडी पुढे लहान करायची झालीच तर हँडब्रेक या व्हिडिओ लहान करायच्या प्रोग्राममध्ये एक गोष्ट सांभाळा. डिस्क लावून कॅमेरा आडवा फिरतोय अशा जागी थांबवा. कडांना कंगव्याचे दात दिसले तर ते व्हिडिओ कॅमेऱ्यानं टिपलेलं आहे. नाटकं बहुतेक अशीच. त्यात सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, आणि नेहमीच्या सेटिंगनं त्यांची २५ केली की रंगमंचावरची धावपळ अडखळत होते. डीइंटरलेस (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करायचं सेटिंग) मध्ये 'बॉब' निवडा आणि फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला चित्रं, ५० ठेवा, नाटक प्रत्यक्ष बघितल्यासारखं वाहतं. फिल्मवर चित्रित केलेल्या सिनेमाला दात नसतील तर यातलं काही करू नका. तिसरा प्रकार वाईट: आपल्याकडच्या कित्येक डीव्हीडी पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) टेपवरून एनटीएससीत (अमेरिकेतली पद्धत) रूपांतर करून काढलेल्या असतात, त्यात दोन चित्रं एकमेकांत मिसळून भुतं दिसतात. त्यावर औषध नाही, जसं आहे तसं ठेवा. लहान करताना हँडब्रेकमधला दर्जाचा आकडा १८ ते २०, एन्कोडर एक्स२६४. पण वरचा हिशेब आठवा, तुम्हाला लहान करायची गरजच नाहीये.

कायद्याचं कुणीतरी विचारेलच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ कलम आलं, हक्कभंगाच्या हेतूनं डिस्कवरचं कॉपी रोखणारं कुलूप तोडणं हा त्यात गुन्हा आहे. ५२व्या कलमात खाजगी वापरासाठीच्या रास्त वापराला जागा आहे. मी वकील नाही. माझ्यापुरतं मी एवढं पाळतो की डिस्क स्वतःची हवी, प्रत घरातच राहते आणि डिस्क विकायची नाही. 'मलाही एक पेनड्राइव्ह भरून दे' म्हणणाऱ्या मेव्हण्याला मी नाही म्हणून सांगितलंय, अजून अबोला आहे.

नावं देताना फोल्डर रोमन लिपीत ठेवा, पुढे कंसात वर्ष. देवनागरीशी माझं वैर नाही, पण जुन्या टीव्हीवर चौकोन दिसतात, आणि दुसरी भानगड अशी की 'वाऱ्या', 'दुसऱ्या' यांतला र्‍य दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना सारखा, संगणकाला वेगळा. तुम्ही एका कीबोर्डनं नाव दिलंत, वडिलांनी मोबाइलवरून शोधलं, की नाटक 'सापडत नाही'. दिसायचं शीर्षक मात्र जेलीफिनमध्ये (टीव्हीवर पोस्टरं दाखवून घरचे व्हिडिओ चालवणारा सर्व्हर प्रोग्राम) खुशाल देवनागरीत द्या. जेलीफिन फुकट आहे, २०१८ साली एम्बी या तशाच प्रोग्राममधून फुटून निघालेलं, आणि घरच्या घरी चालतं. सिनेमांची पोस्टरं ते स्वतः आणतं, पण त्याच नावाचा हिंदी सिनेमा चिकटवायची त्याला खोड आहे. वर्ष लिहिलं की बरंचसं सुधारतं. नाटकांसाठी वेगळी लायब्ररी करा, प्रकार 'होम व्हिडिओ', आणि इंटरनेटवरून माहिती आणणं बंद. पोस्टर म्हणून व्हीसीडीच्या डबीतला कागद स्कॅन करून लावा. त्याची मागची बाजूही स्कॅन करा. नटांची नावं, नेपथ्य, संगीत हे बरेचदा फक्त तिथेच छापलेलं असतं. भिजलेले कागद ओले असताना ओढू नका, डबीसकट पाण्यात घालून सोडवा.

सर्व्हर म्हणून घरातला जुना लॅपटॉप पुरे. वीज गेली तरी त्याची बॅटरी तासभर ओढते, आणि २.५ इंची डिस्क यूएसबीवरच चालत असल्यामुळे तीही बंद पडत नाही. कायम चार्जिंगवर ठेवणार असाल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का बघा. माझ्या एकाची फुगून टचपॅड वर आला होता. टीव्हीवर जेलीफिनचं ॲप टाका, पहिल्या पानावर नाटकांची रांग ठेवा, बाकीच्या लपवा. आमच्या आईनं चार रांगा बघून रिमोट खाली ठेवला होता, एक रांग ठेवल्यावर उचलला.

आणि ती दुसरी २ टीबीची डिस्क. पहिलीवरून भरून घ्या आणि तुमची बहीण पुण्याला तिसऱ्या मजल्यावर राहते म्हणालात ना, तिच्याकडे ठेवा. गणपतीला ती घरी येते तेव्हा घेऊन येऊ दे, तुम्ही नवीन भरलेलं टाका, जाताना परत द्या. वाशिष्ठीचं पाणी पुन्हा कपाटापर्यंत येऊ नये, पण आलंच तर एक प्रत घाटावर असेल.

पोत्यातली पहिली दहा धुऊन झाली की किती वाचल्या ते इथे लिहा. न वाचणाऱ्यांचे चित्राच्या बाजूचे फोटो टाका, बघून सांगतो.