आजीला एका दमात सगळं सांगू देऊ नका

तुमच्या कथेचा मसुदा वाचला. नातीला ट्रंकेत पहिल्या महायुद्धातली पत्रं सापडतात (ट्रंक शक्यतो टाळाच, फार झाल्या आहेत) आणि पुढच्याच प्रकरणात आजी आपल्या वडिलांचं गुपित घडाघडा ओकून टाकते. तिथेच कथेतली हवा जाते. आयुष्यभर तोंड मिटून बसलेलं माणूस असं सलग बोलत नाही. कपड्यांच्या घड्या घालताना एखादं वाक्य निसटतं, लगेच विषय बदलतो. पुढे कधीतरी तीच गोष्ट येते, पण तपशील वेगळा. ही तफावत हेच तुमचं भांडवल.

आजी गप्प का राहिली, हे मात्र आधी पक्कं करा. लाज, भीती, की कुणाला दिलेला शब्द?

युद्धाचा तपशील वापरातला घ्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात छापील पोस्टकार्ड मिळायचं. 'मी ठीक आहे', 'मला इस्पितळात दाखल केलं आहे' अशी वाक्यं त्यावर तयार असत. लागू नसतील ती खोडायची, खाली सही आणि तारीख. जास्तीचं काही लिहिलं तर कार्ड नष्ट होईल, ही तंबीही छापलेलीच. आता नातीच्या हाती असं कार्ड द्या, ज्यावर एकही ओळ खोडलेली नाही. घाई, की मुद्दाम? आजीला विचारलं तर ती काय उत्तर टाळेल?

आणि वयं कागदावर मांडा. १९१६ साली विशीत असलेला माणूस आजच्या कॉलेजातल्या मुलीचा आजोबा होऊ शकत नाही, पणजोबा तरी धरावा लागतो.