माझं बोलणं कुणी ऐकतच नाही

प्रश्न : ताई, मी बारा वर्षं अकाउंट्स विभागात आहे. माझ्या कामात चूक सापडत नाही, पण मीटिंगमध्ये बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. मागच्या महिन्यात धीर करून म्हणाले, 'चुकत असेन तर सांगा, पण हे बिल दोनदा चढलंय असं वाटतं.' साहेब 'बघू' म्हणाले. दहा मिनिटांनी शेजारच्या सहकाऱ्यानं तेच सांगितलं, तर त्याचं कौतुक झालं. मी वहीत रेघोट्या ओढत बसले. घरी येऊन रडले. माझ्यात आत्मविश्वासच नाही का?

उत्तर : तुझ्या रेघोट्यांपाशी मी थांबले. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतल्या वह्यांना अशाच चौकटींचे समास आहेत, काही ठिकाणी पेन रुतून कागद फाटलाय.

आधी एक सांगते. तू बोललीस. चूक तू पकडलीस आणि सर्वांसमोर दाखवलीस. ती ऐकली गेली नाही, याचा दोष स्वतःच्या माथी मारून घेऊ नकोस. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या युक्तिवादांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुष न्यायमूर्ती एकमेकांना जितकं मध्येच तोडत, त्याच्या जवळजवळ तिप्पट वेळा ते स्त्री न्यायमूर्तींना तोडत होते. त्या पदावर पोचलेल्या बायकांच्या आत्मविश्वासात काय कमी असणार? पुढे तिथे प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली. त्यामागे अशा अभ्यासांचाही वाटा होता, असं तिथल्याच एक स्त्री न्यायमूर्ती, सोटोमायोर यांनी 2021 मध्ये जाहीरपणे सांगितलं.

आता तुझ्या हातातलं. 'चुकत असेन तर' हे शब्द गाळ. मला हे एका वरिष्ठ सहकारी बाईंनी सांगितलं होतं. मी जिन्यात उभी राहून एकच वाक्य मोठ्यानं म्हणत राहायचे, जीभ अडखळायची थांबेपर्यंत. तुझं वाक्य एवढंच : 'हे बिल दोनदा चढलंय, दोन्ही नोंदी माझ्यासमोर आहेत.' हिशेब तुझ्या बाजूनं आहे, त्याला माफीची जोड कशाला? आणि बोलायचं ते सुरुवातीलाच बोल. वाट बघत बसलं की छातीतली धडधड वाढतच जाते. तोंड उघडण्याआधी श्वास सावकाश सोड. आवाज थरथरला तरी वाक्य पूर्ण कर.

तुझा मुद्दा पुन्हा कुणी उचलला, तर तिथल्या तिथे शांतपणे म्हण, 'हो, मघाशी मी हेच बिल दाखवलं होतं. त्याच्या पुढचं सांगते.' आणि खरंच पुढचं सांग. यात भांडण नाही. पहिल्यांदा असं म्हणाले तेव्हा माझे कान तापले होते, पण खोलीत काहीही कोसळलं नाही.

एकटीनं मात्र हे ओढू नकोस. ओबामा अध्यक्ष असताना व्हाइट हाऊसमधल्या स्त्री अधिकाऱ्यांनी आपसात ठरवलं होतं : एकीनं मुद्दा मांडला की दुसरीनं तो तिचं नाव घेऊन पुन्हा मांडायचा. तुझ्या विभागात अशी एक तरी असेल. मीटिंगच्या आधी तिच्याशी बोल, तिच्या मुद्द्याला तू उभी राहा.

साहेबांना त्या बिलाबद्दल दोन ओळींची मेल अजूनही करता येईल, तारखेसह. आजच कर. आणि पुढच्या मीटिंगनंतर मला लिही. वाक्य मधेच तुटलं असेल तरी लिही.