सॅक्सच शिकायचाय तर आधी बासरी कशाला?

ऐरोलीहून प्रश्न आलाय की चाळिशी उलटलीये, सॅक्सोफोन शिकायचाय, पण जो तो सांगतो आधी बासरी शिका, मग सॅक्स सोपा जातो. माझं मत विचाराल तर सरळ सॅक्सच घ्या.

मी स्वतः बासरी, मग क्लॅरिनेट, मग आल्टो सॅक्स (सॅक्सोफोनचाच एक प्रकार) असाच आलोय, पण ते काही ठरवून नाही, ठाण्याला नौपाड्यात वाढलो, बासरी स्वस्त म्हणून ती हातात आली एवढंच. वेड क्लॅरिनेटचं होतं. वरातीच्या बँडमध्ये बाकी सगळे दणदणाट करत असताना गाण्याची चाल क्लॅरिनेटवालाच ओढत न्यायचा आणि मी गोखले रोडवर त्याच्या मागे मागे. सॅक्स डोक्यात बसला तो हिंदी सिनेमातल्या गाण्यांत सॅक्स वाजवणारे मनोहारी सिंग ऐकून, तो माणूस बासरी पण वाजवायचा, असो.

आता मुद्दा असा की बासरीत ओठ मोकळे असतात, हवेची धार भोकाच्या काठावर बरोबर आदळली की सूर लागतो. क्लॅरिनेट, सॅक्सला तोंडाशी रीड असते, म्हणजे थरथरणारी पातळ पट्टी, खालचा ओठ दातांवर दुमडून ती धरायची, किती दाबायची ते ओठालाच कळावं लागतं. बासरीवर हात बसला होता तरी क्लॅरिनेट माझ्याकडून नुसता चिरकायचा. दम आणि सुराचा कान तेवढा कामी आला. बोटांचं म्हणाल तर बासरी आणि सॅक्समध्ये वरच्या सप्तकात बोटं बरीचशी तीच राहतात, क्लॅरिनेट मात्र विचित्र, खाली सा वाजवायची बोटं ठेवून मागची रजिस्टर की दाबली की वरचा सा नाही, त्याच्याही वरचा प येतो!

अजून एक, आल्टोवर सी धरलात की पेटीवरचा सी, म्हणजे पांढरी एक नाही, काळी दोन वाजते. घरी पेटी असेल तर पहिल्याच दिवशी गोंधळ उडेल, वाद्य खराब नाहीये ते, त्याची रचनाच तशी आहे.

रीड दोन नंबरची घ्या (नंबर वाढला की रीड कडक), वाजवणारे मित्र तीनची घ्यायला लावतील, ऐकू नका. पावसाळ्यात रीड वाकडीतिकडी होते, आणि सॅक्सवरची 'जी शार्प' या सुराची की चिकटून बसते, दाबली तरी पॅड, म्हणजे भोक झाकणारी गादी, उघडतच नाही. तेव्हा पॅडखाली पातळ कागद सरकवायचा, वरून हलकं दाबायचं, ओल टिपली गेली की मोकळी होते. दाबलेला कागद ओढून काढू नका, पॅड फाटतं. वाजवून झालं की आतून कापड फिरवायचंच, जुलैत तर न चुकता.

शेजाऱ्यांचं मात्र अवघड आहे. ट्रम्पेटसारखा मूट, म्हणजे आवाज दाबायला तोंडात घालायचं बूच, इथे चालत नाही कारण आवाज नुसता वाद्याच्या तोंडातून नाही, उघड्या भोकांमधूनही येतो. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर उभे राहा, आवाज बऱ्यापैकी मरतो. नाहीतर खाडीकडे जा, बासरीची फुंक तिथल्या वाऱ्यात उडून जाते पण सॅक्सला काही होत नाही. फक्त जिथे लोक फ्लेमिंगो बघायला येतात तिकडे नको प्लीज.

सेकंडहँड घेणार असाल तर एखाद्या वाजवणाऱ्याला सोबत न्या आणि त्याला सगळ्यात खालचे सूर हळू वाजवायला सांगा. तिथे अडखळला तर पॅड गळतायत.