वाचकांचे प्रश्न : मोरोक्कोत चौदा रात्री

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे. मोहोराच्या फवारण्या सुरू झाल्या की शेवटची पेटी रवाना होईपर्यंत घर सोडता येत नाही, त्यामुळे दसरा ते दिवाळी या काळातच आम्ही लांबच्या प्रवासाला निघू शकतो. यंदा मोरोक्कोला जाण्याचे ठरले आहे. मी, पत्नी, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि ६८ वर्षांची आई असे चौघे आहोत. आईचे गुडघे दुखतात, पण रोज थोडे चालण्याची तिची तयारी आहे. एका प्रवासी संस्थेने पाठवलेल्या चौदा दिवसांच्या आराखड्यात कासाब्लांका, रबात, टँजियर, शेफशाऊएन, फेस, मेर्झूगाचे वाळवंट, माराकेश, एसौइरा आणि अगादिर अशी नऊ ठिकाणे आहेत. हे सारे जमेल का? वगळायचे झाल्यास काय वगळावे?
— एक बागायतदार, पावस परिसर

उत्तर : मुंबईचे पाहुणे तीन दिवसांत अलिबागपासून तारकर्लीपर्यंतचे कोकण पाहायला निघतात, तेव्हा त्यांच्या वाट्याला मुख्यतः महामार्ग येतो, हे आपण दर सुट्टीत पाहतो. आपल्याला आलेला आराखडा त्याच जातीचा आहे. नकाशावर ही नऊ ठिकाणे जवळजवळ दिसतात. परंतु मध्ये अ‍ॅटलास पर्वताच्या रांगा आहेत आणि तिथले अंतर किलोमीटरमध्ये न मोजता तासांमध्ये मोजावे लागते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की टँजियर, शेफशाऊएन आणि अगादिर ही तीन ठिकाणे या खेपेस सोडून द्यावीत, रबातही मुक्कामाच्या यादीतून काढावे, आणि वाचलेल्या रात्री वाळवंटाकडे जाणाऱ्या वाटेला व शेवटच्या समुद्रकिनाऱ्याला द्याव्यात.

टँजियर वगळा असे लिहिताना मला वाईट वाटते. ते इब्न बतूता या मध्ययुगीन प्रवाशाचे गाव. १३०४ साली तिथे जन्मलेला हा माणूस दिल्लीच्या सुलतानाकडे काझी होता आणि पुढे खंबायतच्या आखातातून निघून आपल्याच किनाऱ्यालगत गोव्याकडे व तिथून होन्नावरकडे गेला. कासाब्लांकाहून टँजियरला २०१८ पासून ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावणारी रेल्वेही आहे. तरीही टँजियर आणि निळ्या भिंतींचे शेफशाऊएन उत्तरेला, तर वाळवंट आग्नेयेला. दोन्ही दिशा साधायच्या झाल्या तर आपल्या आईंचे दोन आठवडे गाडीतच जातील.

रात्रींची वाटणी मी अशी करीन : कासाब्लांका एक, फेस तीन, मिदेल्त एक, मेर्झूगा दोन, दादेसचे खोरे एक, आइत बेन हद्दू एक, माराकेश दोन, एसौइरा दोन आणि परतीच्या विमानाआधी एल जदिदा एक. विमानाचे दिवस याखेरीज धरावेत. मुंबईहून आखातातील एखाद्या विमानतळावर विमान बदलून कासाब्लांकाला उतरता येते. त्या शहरात अटलांटिकच्या पाण्यावर काही भाग उभारलेली हसन दुसरा मशीद पाहावी. ती १९९३ मध्ये पूर्ण झाली, तिचा मिनार सुमारे २०० मीटर उंच आहे, आणि मोरोक्कोतील बहुतेक मशिदींत मुस्लिमेतरांना प्रवेश नसताना इथे ठरलेल्या वेळी मार्गदर्शकाबरोबर आत जाता येते. एवढे पाहून दुसऱ्या दिवशी रेल्वेने फेस गाठावे. चार तासांच्या आत पोहोचता येते.

फेसमध्ये तीन रात्री का, असे आपण विचाराल. तिथल्या जुन्या शहरात, म्हणजे मदिनेत, मोटारी जात नाहीत. माल खेचरांवरून आणि हातगाड्यांवरून जातो, मागून ‘बालाक’ अशी हाक आली की भिंतीला चिकटून उभे राहायचे असते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चाकांची मोठी बॅग ओढत त्या चढउतारांच्या गल्ल्यांत शिरलो आणि अर्ध्या तासात माझे खांदे भरून आले. तेव्हापासून मी वेशीपाशीच हातगाडीवाल्याला सामान देतो. आईंसाठी बाब बू जलूद या वेशीच्या जवळचा रियाद निवडावा. रियाद म्हणजे मध्ये चौक आणि भोवती खोल्या असलेले जुने घर. आपल्या चौसोपी वाड्याची आठवण यावी असे. मात्र त्यातले जिने उंच पायऱ्यांचे आणि अरुंद असतात, म्हणून आरक्षण करतानाच तळमजल्यावरची खोली लेखी मागून घ्यावी. पहिल्या सकाळी अधिकृत मार्गदर्शक घेऊन मदिना पाहावी : फातिमा अल-फिहरी या स्त्रीने ८५९ मध्ये स्थापन केली असे परंपरेने मानले जाणारे करावियिन हे विद्यापीठ दारातून, चौदाव्या शतकातील बू इनानिया मदरसा आतून, आणि कातडी कमावण्याचे हौद वरच्या गच्चीवरून. या हौदांत कातडी मऊ करण्यासाठी आजही चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरतात. गच्चीवर जाणाऱ्यांच्या हाती पुदिन्याची काडी देतात, ती नाकाशी धरायची असते. गच्चीवर जाण्यासाठी बरेच जिने चढावे लागतात, तेव्हा आईंनी खाली चहा घेत बसावे हे बरे. दुसरा दिवस मेकनेस आणि तिथून जवळच्या व्होलुबिलिस या रोमन नगराच्या अवशेषांसाठी ठेवावा.

फेसहून मेर्झूगा सुमारे ४७० किलोमीटर आहे. बहुतेक सहली हे अंतर एका दिवसात कापतात आणि माणसे संध्याकाळी इतकी थकून उतरतात की समोरच्या वाळूकडे पाहण्याचे त्राण त्यांच्यात उरत नाही. म्हणून मिदेल्त या सफरचंदांच्या गावी एक रात्र थांबावे. वाटेत अझरूजवळ देवदारांचे जंगल लागते, तिथे शेपूट नसलेली माकडे दिसतात. या पूर्ण पट्ट्यासाठी, म्हणजे फेसपासून माराकेशपर्यंत, चालकासह गाडी ठरवावी. मेर्झूगापर्यंत रेल्वे नाही, तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि घाटाची वळणे ओळखीच्या हातांनी घेतलेली बरी.

मिदेल्तच्या पुढे झीझ नदीचे खोरे सुरू होते आणि इथे आपल्यासारख्या बागायतदाराने गाडी थांबवून खाली उतरलेच पाहिजे. वरून पाहिले तर तांबड्या कोरड्या डोंगरांमध्ये खजुरीच्या झाडांचा हिरवा पट्टा दिसतो. आत शिरल्यावर लक्षात येते की ती आपल्या आगरासारखीच रचना आहे. आपण माडाच्या सावलीत पोफळ, पोफळीवर मिरवेल आणि खाली केळ लावतो. तिथे खजुरीच्या सावलीत डाळिंब, अंजीर, ऑलिव्ह आणि त्यांच्या खाली भाजी व गुरांसाठी लसूणघास असतो. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि ते पाटाने फिरवतात. ताफिलाल्तच्या या प्रदेशात भूगर्भातील पाणी उताराने दूरवर आणणारे खेत्तारा नावाचे जुने भुयारी कालवेही आहेत. ऑक्टोबर हा तिथे खजूर उतरवण्याचा महिना, आणि मेजूल जातीचा प्रसिद्ध खजूर मूळ याच भागातला. फळ झाडावरून उतरवणे, त्याची प्रतवारी, पेट्या भरणे हे सारे आपण तज्ज्ञाच्या नजरेने पाहाल. आपल्या प्रवासाची वेळ या दृष्टीने फारच चांगली साधली आहे.

मेर्झूगाला एर्ग शेब्बीच्या वाळूच्या टेकड्या सुमारे १५० मीटरपर्यंत उंच आहेत. तिथे दोन रात्री सांगतो त्या एवढ्यासाठी, की एखादी संध्याकाळ वाऱ्याने किंवा ढगांनी गेली तर दुसरी हाती राहते. पहिली रात्र गावातल्या साध्या हॉटेलात आणि दुसरी वाळूतल्या तंबूत काढावी. आईंना उंटावर बसवू नये. उंट उठताना आणि बसताना जो हिसका देतो तो दुखऱ्या गुडघ्यांना आणि कमरेला सोसत नाही. तंबूपर्यंत जीपने नेण्याची सोय असते, ती आधी सांगून ठेवावी. ऑक्टोबरात दुपारी ऊन तापते, पण पहाटे स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागतात. दुसऱ्या दिवशी जवळच्या खामलिया गावी ग्नावा लोकांचे संगीत ऐकता येते. सहारापलीकडून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला त्यांचे लोखंडी टाळ आणि तीन तारांचे वाद्य ऐकताना आफ्रिकेतील माणसे किती दूरवर पोहोचली याची जाणीव झाल्याशिवाय राहत नाही.

पुढे तोद्रा घळ आणि दादेसचे खोरे पाहत आइत बेन हद्दूला यावे. हे मातीच्या विटांचे तटबंद गाव १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आईंना ते नदीच्या अलीकडूनही उत्तम दिसेल. तिथून माराकेशला जाताना तिझी न तिश्का ही २,२६० मीटर उंचीची खिंड लागते, म्हणजे रस्ताच आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सुमारे ६०० मीटर वर जातो. गाडी लागत असेल तर गोळी सकाळीच घ्यावी.

माराकेशविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून एवढेच सांगतो की जमा अल-फना या चौकात दुपारी जाऊ नये, सूर्य कलल्यावर जावे. आणि साप किंवा माकड घेऊन जवळ येणाऱ्यांचा फोटो काढल्यास पैसे द्यावे लागतात.

एसौइरा ही या प्रवासाची माझी सर्वांत आवडती जागा. पूर्वीचे मोगादोर ते हेच. अठराव्या शतकात सुलतान मोहम्मद बिन अब्दल्ला याने वसवलेले हे तटबंदीचे बंदर. तटावर तोफा, खाली निळ्या रंगाच्या होड्या, आणि धक्क्यावर मासळीची उतार. वारा मात्र सतत असतो, उन्हाळ्यात अधिक, ऑक्टोबरात थोडा कमी. पोहण्याची अपेक्षा ठेवू नये. कॅनरी या थंड सागरी प्रवाहामुळे आणि खालून वर येणाऱ्या थंड पाण्यामुळे तो समुद्र आपल्या अरबी समुद्राच्या मानाने गार आहे, आणि त्याच पाण्यामुळे तिथे मासळी मुबलक आहे. माराकेशहून येताना अर्गनची झाडे लागतात. तेल काढण्यासाठी त्याच्या बिया बायका दगडाने एकेक करून फोडतात. काजूबी फोडणारे हात ज्यांनी घरात पाहिले आहेत त्यांना तेलाची किंमत जास्त वाटणार नाही. रस्त्याकडेच्या झाडांवर उभ्या दिसणाऱ्या शेळ्या मात्र अनेकदा पर्यटकांसाठी मुद्दाम चढवलेल्या असतात, तिथे थांबू नये.

शेवटच्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्याने साफी आणि वालिदिया मार्गे एल जदिदाला यावे. वालिदियाची खाडी कालवांसाठी प्रसिद्ध आहे. एल जदिदा म्हणजे पोर्तुगीजांचे माझागान. १७६९ मध्ये त्यांनी ते सोडले. रेवदंड्याचा कोट पाहिलेल्या माणसाला त्या तटावरून चालताना वेगळीच ओळख पटते, कारण हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या एकाच सत्तेची ही दोन ठाणी होती, आणि रेवदंड्याहून ते १७४० मध्ये गेले. कोर्लईत त्यांच्या भाषेचा अंश अजून बोलला जातो. कोटातील पाण्याचे जुने टाके पाहण्यासाठी खुले आहे ना, हे आधी विचारून घ्यावे. एल जदिदाहून कासाब्लांका सुमारे १०० किलोमीटर आहे.

प्रश्न : मी मासे खाते, यजमान पूर्ण शाकाहारी आहेत. दोघांचे दोन आठवडे नीट निघतील का?
— एक शिक्षिका, मालवण

उत्तर : आपले फार चांगले निघतील. तिकडचा मुख्य मासा म्हणजे तारली. कोथिंबीर, लसूण, जिरे आणि लिंबाचे वाटण, ज्याला ते शरमूला म्हणतात, लावून ती निखाऱ्यावर भाजतात. यजमानांसाठी थोडी दक्षता हवी, कारण भाज्यांचे ताजीन, म्हणजे मातीच्या झाकणाच्या भांड्यात मंद शिजवलेले कालवण, मागवले तरी रस्सा मांसाचा असू शकतो आणि हरीरा या सारात मांसाचे तुकडे अनेकदा असतात. म्हणून ‘मांस नको’ एवढ्यावर न थांबता रस्साही भाज्यांचाच हवा असे सांगावे. निर्धास्तपणे खाण्यासारखे पदार्थ पुष्कळ आहेत : झालूक म्हणजे टोमॅटो घातलेले वांग्याचे भरीत, बिसारा म्हणजे बाकल्याच्या डाळीचे दाट सार, मस्समन म्हणजे घडीची चौकोनी पोळी. बग्रीर तर रव्याची आंबोळीच. एकाच बाजूने भाजलेली, वर जाळी पडलेली, लोणी आणि मध घालून खायची. भाताची सवय असणाऱ्यांना मात्र पाव आणि कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले बारीक दाणे, यांवर भागवावे लागते. कुसकुस शुक्रवारी खावा, कारण घरोघरी तो त्या दिवशी रांधतात.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी जाणार आहोत. काय जपावे?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : खांदे आणि गुडघे झाकणारे सैल कपडे, डोक्याला एक ओढणी जवळ, आणि पहिल्या रात्रीच्या मुक्कामाकडून ठरवून घेतलेली गाडी. फेसच्या गल्ल्यांत ‘पुढे रस्ता बंद आहे, इकडून चला’ असे सांगत कोणी मागे लागल्यास ‘ला, शुक्रन’ म्हणून चालत राहावे आणि वाट दुकानात बसलेल्या माणसाला विचारावी. शहरातल्या छोट्या टॅक्सीत तीनच प्रवासी बसू शकतात. मीटर सुरू करण्यास आधीच सांगावे.

प्रश्न : व्हिसा आणि पैशांचे काय करावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. मोरोक्को सरकारच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावरील त्या वेळच्या अटी वाचून, विमानाचे पैसे भरण्याआधीच अर्जाची तयारी करावी. दिऱ्हाम भारतातून नेण्याच्या खटपटीत पडू नये. ते चलन देशाबाहेर मोकळेपणाने फिरत नाही. युरो किंवा डॉलर आणि दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे न्यावीत, आणि दादेस-मेर्झूगाच्या बाजूला जाण्याआधी फेसमध्येच पुरेशी रोकड काढून ठेवावी. पैसे बदलल्याच्या पावत्या जपाव्यात. उरलेले दिऱ्हाम परत बदलताना विमानतळावर त्या मागतात. ड्रोन असल्यास घरीच ठेवावा, कारण परवानगीशिवाय आणलेला ड्रोन सीमाशुल्क अधिकारी काढून घेतात.