‘ट्रायेज’ला तीनाशी जोडू नका

प्रश्न असा आहे : ‘मॅश’ या जुन्या अमेरिकी मालिकेत जखमी आले की ‘ट्रायेज’ सुरू होतो, म्हणजे कोणावर आधी उपचार करायचे हे ठरवणे. त्याला मराठीत ‘त्रिस्तरीय वर्गीकरण’ म्हणणे बरोबर आहे का? आणि उच्चार नेमका काय?

अजिबात बरोबर नाही. हे ‘त्रिस्तरीय’ मी व्याख्यानांत ऐकतो, डॉक्टरांच्या तोंडून ऐकतो आणि दर वेळी चिडतो. जखमींना लावायची लाल, पिवळी, हिरवी चिठ्ठी दिसली की लोक ‘ट्राय म्हणजे तीन’ म्हणून मोकळे होतात. काळी चिठ्ठी असते ती मग कुठे गेली?

शब्द फ्रेंच आहे. ‘त्रिये’ म्हणजे निवडणे, वेगळे काढणे. इंग्रजीत तो आधी लोकरीची प्रतवारी लावताना वापरला गेला, मग कॉफीच्या बियांसाठी. जखमी सैनिकांसाठी तो रुळला पहिल्या महायुद्धात. ‘त्रिये’चे मूळ अज्ञात, असे सांगून कित्येक कोश हात झटकतात. मला ते मान्य नाही. लॅटिनमध्ये ‘तेरेरे’ म्हणजे घासणे, रगडणे, मळणी करणे. त्यावरून ‘त्रितारे’, आणि त्यावरून ‘त्रिये’. खळ्यावर मळणी झाली की दाणा आणि भूस वेगळे करायचे असतात. खळे पाहिलेल्या माणसाला यात ओढाताण दिसणार नाही.

पण खरा आनंद पुढेच आहे. याच ‘त्रिये’वरून इंग्रजी ‘ट्राय’ आला आणि त्यातून कोर्टातला ‘ट्रायल’. आधी निवडणे, मग न्याय करणे. आता आपल्याकडे पाहा : निवडणे आणि निवाडा! हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘णिव्वड’ धातू आहे, अर्थ ‘वेगळे होणे, स्पष्ट होणे’. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात राजहंस पाण्यात मिसळलेले दूध ‘निवडतो’. आणि मराठेशाहीतल्या न्यायाच्या कागदांना नाव काय? निवाडपत्र. हजारो मैलांवरच्या दोन भाषा एकमेकींना न विचारता त्याच पायवाटेने चालल्या. हे मला पहिल्यांदा लक्षात आले त्या रात्री झोप लागली नव्हती.

तेव्हा ‘निवड’ म्हणा. ‘जखमींची निवड’. परिभाषावाले ‘प्राधान्यक्रम’ सुचवतात. तो कागदावरचा शब्द आहे, त्यात हात कुठेच नाहीत. ‘निवड म्हणजे पसंती, निवडणूक’ हा आक्षेपही पोकळ आहे. ताटात तांदूळ पसरून, एकेक खडा बोटाने कडेला सारत आई तांदूळ निवडते, तेव्हा ती कोणाला निवडून देत असते?

‘मॅश’मध्ये हेच दिसते. कोरियाचे युद्ध, ४०७७ क्रमांकाचे फिरते शल्यरुग्णालय. हेलिकॉप्टर उतरते, डॉक्टर स्ट्रेचरांच्या रांगेत गुडघे टेकतात, पट्टी उचलतात, बघतात : हा आधी, हा थांबेल, पुढचा. १९७९च्या एका भागात पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालू असते. एका जवानाची महाधमनी फाटली आहे, ती सांधायला तुकडा हवा आहे, आणि तो मिळणार आहे तो ज्याची आशा सोडली आहे अशा दुसऱ्या जवानाकडून. त्या तंबूतल्या कामाला ‘त्रिस्तरीय’ म्हणायला जीभ रेटतेच कशी? मालिका विनोदी म्हणून वाहिनीने हशाचा आवाज घालायला लावला होता, पण शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत तो वाजणार नाही हे निर्मात्यांनी कबूल करून घेतले. कुठे हसू चालेल आणि कुठे नाही, हे त्यांनी नीट निवडले होते. म्हणूनच १९७२ ते १९८३ इतकी वर्षे, म्हणजे तीन वर्षांच्या मूळ युद्धाच्या तिप्पटीहून जास्त काळ, ती लोकांनी पाहिली.

उच्चार राहिला. ‘ट्रीआझ’, शेवटचा झ इंग्रजी ‘मेझर’मधल्यासारखा मऊ. ‘ट्रायेज’ नाही.