ताओचे दोन तुकडे करू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून अस्वस्थ झालो. ताओ, म्हणजे विश्वाचा सहज मार्ग, सांगणारा प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओ-त्झू पटतो, पण ताओ धर्मातली देवळं, ताईत, पुजारी ही नंतरची भेसळ, असं तू लिहिलंयस. आधी हे डोक्यातून काढ.

लाओ-त्झूच्या नावावरच्या 'ताओ ते चिंग' या ग्रंथाची 81 प्रकरणं तू एका बैठकीत संपवलीस आणि त्यातल्या वू-वेईचा, म्हणजे ओढाताण न करता सहज वागण्याचा, 'काहीच न करणं' असा सोयीचा अर्थ काढलास. च्वांग-त्झू या दुसऱ्या ताओवादी विचारवंताच्या गोष्टीतला तो खाटीक आठव. 19 वर्षं एकच सुरी, तरी धार नवी, कारण ती सांध्यांमधल्या पोकळीतूनच फिरते. पण सुरुवातीला त्यालाही समोर नुसता अख्खा बैल दिसायचा! सहजता हवी तर आधी साधना कर.

आणि ही साधना जपली कोणी? मठांनी, देवळांनीच. इ.स. 142 मध्ये चीनमधल्या सिचुआनच्या डोंगरात लाओ-त्झूने दैवी रूपात चांग ताओ-लिंगला दर्शन दिलं, अशी श्रद्धा आहे. या चांगने उभारलेल्या ताओ पंथात आजारी माणूस आपले अपराध लिहून आकाश, पृथ्वी आणि पाणी यांच्यापुढे कबूल करायचा. याच पंथात 'ताओ ते चिंग'चं पठणही चालायचं. मग तुकडे कुठून पाडतोस?

या मुद्द्यावर वाचनगटात मी एकटा पडलो होतो. तत्त्वज्ञानात धूपदीप कशाला, म्हणाले. मी मागे हटलो नाही, आणि ते बरोबरच होतं. अभंग घ्यायचे आणि वारी टाकायची, असं आपल्याकडे कोणी केलं तर चालेल का तुला? चिनी शिकायचं मात्र राहून गेलं, ती रुखरुख आहे. तुझं वय आहे, तू शिक.

च्यू चूजीबद्दल वाच. छ्वानचन या मठवासी ताओ पंथाचा हा संन्यासी सत्तरी उलटल्यावर पूर्व चीनमधल्या शांतुंगहून निघाला आणि 1222 मध्ये थेट हिंदुकुशाजवळ चंगेझखानाला भेटला. खानाला अमरत्वाचं औषध हवं होतं. असं औषध नाही, आयुष्य जपण्याचे मार्ग तेवढे आहेत, असं त्याने तोंडावर सांगितलं. एवढं धैर्य नुसत्या वाचनाने येत नाही रे. त्यामागे ब्रह्मचर्य, शाकाहार, ध्यान अशी वर्षानुवर्षांची मठातली शिस्त होती. छ्वानचनचे संन्यासी आजही तसे राहतात. चंगयी या दुसऱ्या ताओ परंपरेचे पुजारी मात्र संसार करतात आणि गावाचे विधी सांभाळतात. दोन्ही ताओचेच.

च्यू चूजीच्या शिष्याने लिहिलेलं त्या प्रवासाचं वर्णन मिळव. रोज थोडा वेळ श्वासाकडे लक्ष देऊन बस. महिनाभराने लिही, तोवर देवळांवर मत देऊ नकोस.

तुझा,
काका