मणका बसवल्याने पोट साफ होते का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत संगणकासमोरचे बैठे काम, बरेच दिवस रेंगाळलेली कंबरदुखी, तिच्यासाठी ट्रॅमाडॉलची गोळी, आणि आठवड्यातून जेमतेम दोनदा होणारी शौच. कायरोप्रॅक्टरने (हातांनी दाब किंवा झटका देऊन मणके ‘बसवणाऱ्या’ उपचारकाने) एक्स-रे दाखवून ‘कमरेचा चौथा मणका सरकल्यामुळे आतड्याची नस दबली आहे’ असे सांगितले आणि २४ बैठकांचे पॅकेज पुढे केले. पहिल्या बैठकीनंतर त्याच संध्याकाळी पोट साफ झाल्यामुळे आता पैसे भरावेत की काय, असे तुम्हाला वाटू लागले आहे. फिजिओथेरपीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्यांतील पुष्कळसे रुग्ण याच तक्रारीचे होते. माझे मत स्पष्ट आहे: कंबरेसाठी त्यांच्याकडे जायचे असल्यास जा, पोटासाठी हे पॅकेज घेऊ नका.

या उपचारपद्धतीचा उगम आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट गावी १८९५ साली झाला. डी. डी. पामर यांनी एका सफाई कामगाराचा मणका बसवला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असा त्यांचा दावा होता. पुढे त्यांनी बहुतेक सर्व रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत असल्याचे लिहिले. आजचे अनेक कायरोप्रॅक्टर इतके टोकाचे बोलत नाहीत आणि केवळ पाठ, मान व सांधे पाहतात; तुम्हाला मात्र त्या जुन्या पठडीतले गृहस्थ भेटलेले दिसतात.

नस दबल्याची गोष्ट शरीररचनेशी ताडून पाहा. आतड्याला चालना देणारी मुख्य नस, वेगस, कवटीच्या तळातून निघते आणि मानेतून व छातीतून पोटात उतरते. ती पाठीच्या कण्यातून जातच नाही. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला आणि गुदाशयाला चालना देणाऱ्या नसा त्रिकास्थीतून, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडातून, बाहेर पडतात, आणि प्रौढ माणसात ते हाड एकसंध जुळलेले असते, त्यामुळे तेथे ‘बसवण्यासारखा’ मणका उरत नाही. चौथ्या मणक्यापाशी बाहेर पडणारी नस मांडीच्या पुढच्या भागाकडे आणि पायाच्या आतल्या बाजूकडे जाते. ती दबली तर पायात कळ येईल, बद्धकोष्ठ होणार नाही. शिवाय आतड्याच्या भिंतीत स्वतःचे मज्जाजाल असते आणि पुढे ढकलण्याचे बरेचसे काम ते परस्पर उरकते.

याला एक खरा अपवाद आहे आणि तो गंभीर आहे. त्रिकास्थीकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या पोकळीतूनच खाली उतरतो. मणक्यांमधली गादी मोठ्या प्रमाणावर मागे सरकून तो जुडगा चेपला गेला, तर शौच-लघवीवरचा ताबा जातो किंवा लघवी अडते, आणि सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर होतो. अशा वेळी मणका बसवून घेणे धोक्याचे असते. त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागते. तुमच्या वर्णनात यातले काही नाही, परंतु कंबरदुखी आणि शौचाची तक्रार एकत्र आली की हे विचारलेच पाहिजे. पॅकेज सांगण्याआधी त्यांनी ते विचारले होते का?

पुराव्याचे म्हणाल, तर बद्धकोष्ठावर या उपचाराचे जे दाखले दिले जातात ते बहुधा एकेकट्या रुग्णांच्या हकिकती असतात. ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टरांच्या नियामक परिषदेनेच करवून घेतलेला पुराव्यांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कंबरदुखीसाठी हा उपचार उपयुक्त ठरला, तर तान्ह्या बाळांच्या पोटदुखीसाठी निरुपयोगी.

मग त्या संध्याकाळी पोट कसे साफ झाले? आठवड्यातून दोनदा ते होतेच, त्यातला एक दिवस त्या दिवशी आला असेल. दुखणे कमी झाल्याने तुम्ही अधिक चालला असाल, कदाचित गोळीही टाळली असेल. माझा संशय गोळीवरच आहे. ट्रॅमाडॉल ओपिऑइड, म्हणजे अफूसारखे काम करणाऱ्या, गटातले औषध आहे. त्याने आतड्याची हालचाल मंदावते आणि मळातले पाणी अधिक शोषले जाते. लोहाच्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधेही अशीच वागतात. सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. शौचातून रक्त, नकळत घटलेले वजन किंवा रक्तक्षय यांपैकी काही असेल, तर कोलोनोस्कोपीची (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने तपासणीची) चर्चा आधी व्हायला हवी.

दुसरी शक्यता संकोचामुळे बहुतेक जण बोलत नाहीत. पुष्कळ रुग्णांचा मळ फार घट्ट नसतो. ते कुंथतात त्याच क्षणी गुदद्वाराचा स्नायू सैल होण्याऐवजी आवळला जातो. तपासणारी व्यक्ती हातमोजा घालून बोट आत ठेवते आणि ‘आता जोर लावा’ म्हणते, तेव्हा बोटावर पकड घट्ट होते. निदानाची पहिली खूण तेथेच मिळते. अशांना चूर्णे आणि रेचके वर्षानुवर्षे घेऊनही पुरते समाधान लाभत नाही. पडद्यावर स्नायूचा ताण दाखवून तो सैल करायला शिकवणारी बायोफीडबॅक पद्धत अशा रुग्णांत रेचकांपेक्षा सरस ठरल्याचे तुलनात्मक चाचण्यांत दिसले आहे. अमेरिकेत ‘पेल्व्हिक फ्लोअर फिजिकल थेरपी’ या नावाने चौकशी करा. चोवीस बैठकांचे पैसे मोजायचेच असतील तर त्यातल्या काही तेथे मोजा.

तोवर कमोडसमोर पाय टेकायला पाट ठेवा, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील आणि गुदमार्गाचा कोन उलगडेल. सकाळच्या न्याहारीनंतर आतडे आपोआप हलते, ती वेळ मीटिंगच्या घाईत दवडू नका. इसबगोल घ्यायचे तर पेलाभर पाण्यासोबत घ्या, मात्र ट्रॅमाडॉल चालू असेपर्यंत त्यावर भिस्त ठेवू नका. मंद आतड्यात ते नुसते फुगून बसते, तेव्हा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड (मळात पाणी धरून ठेवणारे रेचक) डॉक्टरांना विचारून घेतलेली बरी. कंबरेसाठी त्या गृहस्थांकडे गेलात तर हाडे ठिसूळ असल्यास ते आधी सांगा, आणि मानेला झटका देऊ देऊ नका. तुमच्या दोन्ही तक्रारींचा मानेशी काहीही संबंध नाही.